कोऱ्या जागेत रेघ मारावी

मी बँकेत कारकून आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण कलेविषयी लिहिणाऱ्याने आपली पात्रता आधी सांगावी अशी रीत आहे, आणि माझ्याजवळ सांगण्यासारखी दुसरी पात्रता नाही. बी. कॉम., दुसरा वर्ग. गेली बावीस वर्षं काउंटरच्या अलीकडे. चित्रकलेशी संबंध म्हणाल तर एलिमेंटरीच्या परीक्षेत वस्तुचित्र म्हणून मी काढलेली किटली आमच्या मास्तरांनी बराच वेळ बदक म्हणून कौतुकाने पाहिली होती, एवढाच.

पण कृष्णधवल छायाचित्रं मात्र मी रोज ढिगांनी पाहतो, बरं का! तुम्ही आमच्याकडे चेक टाकता, तो काही हल्ली गावभर हिंडत नाही. त्याचे फोटो हिंडतात. प्रत्येक चेकचे तीन : पुढून एक करड्या छटांतला, पुढून एक निव्वळ काळा-पांढरा आणि पाठीमागून एक काळा-पांढरा. तेव्हा काळ्या-पांढऱ्यात काय दिसायला हवं आणि काय नसलं की फोटो परत पाठवायचा, हे कळण्याचा पगार मी घेतो. या अधिकारात मला एका फोटोविरुद्ध तक्रार नोंदवायची आहे.

ती मी कलादालनातल्या अभिप्रायवहीतच नोंदवणार होतो. पण माझ्या आधीच्या माणसाने तिच्यात 'निःशब्द!' असा एकच शब्द लिहून अख्खं पान अडवलं होतं. माझ्याजवळ शब्द बरेच होते.

झालं असं की, आमच्या शाखेत कर्ज विभागात एक गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही. उद्या त्यांच्याच शेजारी बसून डबा खायचा आहे. आम्ही त्यांना लेन्ससाहेब म्हणतो. त्यांचा कॅमेरा माझ्या स्कूटरपेक्षा महाग आहे आणि स्कूटरपेक्षा जास्त वेळा सर्व्हिसिंगला जातो. दर रविवारी पहाटे ते रस्त्यावर फोटो काढायला बाहेर पडतात. गेल्या हिवाळ्यात ठाण्यातल्या एका कलादालनात त्यांच्या मंडळाचं प्रदर्शन भरलं. 'किमान' असं त्याचं नाव होतं. लेन्ससाहेबांना तिसरं पारितोषिक होतं. सहकुटुंब येण्याचा आग्रह झाला. सहकुटुंब गेलो.

पहिल्या फोटोत एक प्रचंड जिना होता आणि कोपऱ्यात एक कबूतर. दुसऱ्यात प्रचंड आकाश आणि तारेवर एक कावळा. तिसऱ्यात प्रचंड रस्ता होता, आणि कावळाही नव्हता. आमची ही दहा-बारा फोटो बघून माझ्या कानाशी लागून म्हणाली, "अहो, अजून मांडामांड चाललेली दिसतेय. आपण उगाच लवकर आलो."

मग आम्ही बक्षिसाच्या फोटोपाशी पोचलो. त्यापुढे एक दाढीवाले गृहस्थ चार मुलांना समजावून सांगत होते. फोटोत तीन-चतुर्थांश पांढरी भिंत. नुसती भिंत. खाली उजव्या कोपऱ्यात एक बुटका काळा माणूस, डोक्यावर छत्री, हातात पिशवी, मान खाली, पायाशी कात्रीने कापल्यासारखी सावली. खाली नाव : 'एकटा'.

"बघा," दाढीवाले म्हणत होते, "हा कुठून आला, माहीत नाही. कुठे चाललाय, माहीत नाही. हातातलं ओझं कसलं, माहीत नाही. महानगराने माणसाला दिलेलं हे एकाकीपण..."

"अहो," ही मोठ्याने म्हणाली, "हे तुम्हीच की हो!"

"कशावरून?"

"मान बघा ना. आणि छत्री माझी आहे."

मी चष्मा वर करून पाहिलं. मान माझीच होती. बावीस वर्षं वाकून नोटा मोजल्याशिवाय तशी मान होत नाही.

आता दाढीवाल्या गृहस्थांना जे माहीत नव्हतं ते सगळं मला माहीत होतं. मी कुठून येत होतो? डोंबिवलीच्या भाजीबाजारातून. कुठे चाललो होतो? घरी. ओझं कसलं? दोन किलो कांदे, पाव किलो मिरची आणि एक दुधी. मान खाली का? कारण मी कढीपत्ता विसरलो होतो आणि त्याबद्दल मला बोलणी बसत होती. कोण बोलत होतं? तर माझी ही बायको, जी माझ्यापुढे चार पावलं चालत होती! मे महिन्यातली दुपारी साडेबाराची वेळ. तिने छत्री माझ्या हातात दिली होती, कारण हातवारे करायला तिला दोन्ही हात मोकळे हवे होते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. त्यांतला एखादा मिनिट मी एकटा असल्याचा पुरावा कुणी दिला तर मला तो हवाच आहे. पण तो मिनिट हा नव्हे.

हिने फोटोच्या डाव्या कडेला बोट लावून अंदाज घेतला, मी तिथे होते ना, म्हणून. मग वळून शांतपणे विचारलं, "म्हणजे मला कापलं?"

एकोणीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, तिच्या शांतपणाला मी आवाजापेक्षा जास्त भितो.

घरी येऊन मी वही घेतली आणि फोटोत काय काय नव्हतं याची यादी केली. छत्री जांभळी होती आणि तिच्यावर पिवळी फुलं होती. ती फोटोत गंभीर झाली होती. भिंत पांढरी नव्हतीच. डोंबिवलीत पांढरी भिंत चोवीस तास टिकेल तर तिला पोलीस बंदोबस्त द्यावा लागेल! त्या भिंतीवर मूळव्याधीचा खात्रीशीर इलाज होता, पंधरा दिवसांत इंग्रजी होतं, एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस होता आणि 'येथे कचरा टाकू नये' अशी सूचना होती. सूचनेखाली कचरा होता. हे सगळं लेन्ससाहेबांनी कॉम्प्युटरवर पुसून काढलं होतं. आणि भिंतीच्या मधोमध, जिथे आता फोटोत नुसता स्वच्छ पांढरा उजेड आहे, तिथे किल्लीवाला होता.

त्याच्याकडे मी पुढे येणार आहे.

आधी माझा मुद्दा सांगतो. बँकेत नवीन कारकून आला की त्याला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात : कोऱ्या जागेत रेघ मारावी. चेकवर 'पाचशे' लिहिलंत की पुढे 'फक्त' लिहा आणि उरलेल्या जागेत आडवी रेघ ओढा. का? तर कोरी जागा निष्पाप नसते. ती कुणाची तरी वाट बघत असते. तुम्ही पाचशे लिहून पुढे जागा सोडलीत, तर मागून येणारा तिथे काय लिहील याचा नेम नाही. आणि 'एकटा'मध्ये नेमकं तेच झालं. लेन्ससाहेबांनी खाली कोपऱ्यात माझी पाचशे रुपयांची रक्कम लिहिली आणि अख्खी भिंत कोरी सोडली. मग दाढीवाले आले, त्यांनी तिथे महानगर लिहिलं. मागून कुणी 'निःशब्द' लिहिलं. पारितोषिक समितीने काय लिहिलं ते प्रशस्तिपत्रात आहे. त्यात 'अस्तित्व' हा शब्द तीनदा आला आहे. कढीपत्ता एकदाही नाही. आमच्याकडे खाडाखोड केलेला चेक परत जातो. तिकडे खाडाखोड केलेल्या फोटोला तिसरं पारितोषिक!

हे सगळं मी लेन्ससाहेबांना डबा खाताना सांगितलं. ते चिडले नाहीत. कलावंत माणूस, दयेने हसले आणि म्हणाले, "कमी तेच जास्त, हे तत्त्व आहे." मी म्हटलं, "हे तत्त्व मी तीन वाजता खातेदाराच्या रकमेला लावून बघू का?" मग त्यांनी विचारलं, "तुम्ही फॅन हो पाहिलाय?" मला आधी वाटलं, ते हिंदीत मी कुणाचा तरी चाहता आहे का असं विचारतायत. नंतर कळलं, फॅन हो हे हाँगकाँगच्या एका फार मोठ्या फोटोग्राफरचं नाव. १९५४ चा त्यांचा एक फोटो जगप्रसिद्ध आहे. उंच फिकट भिंत, तळाशी एकटी उभी मुलगी आणि वरून तिरकी उतरत येणारी काळी सावली. 'एकटा'चा आजोबाच म्हणा ना.

मी तो शोधून पाहिला. सुंदर आहे. मी भांडायला आलोय म्हणून खोटं बोलणार नाही. जेवण गार होईपर्यंत मी तो बघत बसलो होतो. पण चौकशी केल्याशिवाय सही करायची नाही ही सवय. चौकशीत असं निघालं की ती मुलगी फॅन हो यांच्या नात्यातली, भिंत क्वीन्स कॉलेज नावाच्या शाळेची, मुलगी सांगून उभी केलेली, आणि ती सावली तिथे नव्हतीच! ती त्यांनी डार्करूममध्ये आणली. पण हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. हे गृहस्थ पुढे सिनेमा दिग्दर्शकही झाले. त्यांनी एक प्रसंग रचला, नात्यातली मुलगी तिच्या संमतीने उभी केली आणि तिच्यावर एक सावली जमा केली. माझ्या हिशेबात ती जमेची बाजू. आणि त्यांचे हाँगकाँगच्या रस्त्यावरचे बाकीचे फोटो बघा : हातगाड्या, फेरीवाले, कडेवरची पोरं, धूर, ऊन. गर्दी त्यांना वर्ज्य नव्हती.

मग लेन्ससाहेबांनी दुसरा पत्ता टाकला : कार्तिए-ब्रेसाँ. १९३२, पॅरिस, साँ-लाझार स्टेशनच्या मागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस, टाच पाण्याला टेकायला केसभर अवकाश. हा फोटो मला आधीपासून ठाऊक होता. आमच्या दातांच्या डॉक्टरकडे लावलेला आहे. या खेपेस मी तो गोदामाच्या तपासणीला गेल्यासारखा पाहिला आणि मालाची यादी केली. पाण्यात आडवी पडलेली शिडी. मोडकी कडी. लोखंडी कुंपण. कुंपणापाशी उभा असलेला आणखी एक माणूस, ज्याचं उडीकडे लक्षही नसावं. मागे स्टेशनचं घड्याळ. भिंतीवर फाटकी पोस्टरं, आणि त्यांतल्या एका पोस्टरवर तशीच झेप घेणारी नर्तकी! आता लेन्ससाहेबांनी हा फोटो काढला असता तर पोस्टरं पहिल्या झटक्यात गेली असती. भिंत स्वच्छ! आणि नर्तकी गेली की त्या उडीचं अर्धं हसू गेलं.

"पण ब्रेसाँनीही तो फोटो कापलाय," लेन्ससाहेब म्हणाले. खरं आहे. आयुष्यभर कापाकापीला नाक मुरडणाऱ्या माणसाने हा एक कापला. कुंपणाच्या फटीतून कॅमेरा लावला होता, त्यामुळे कडेला फळी आली होती. त्यांनी फळी कापली. बायको नाही.

माझं काळ्या-पांढऱ्याशी काहीही वैर नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. रघू राय यांचा १९९५ चा चर्चगेट स्टेशनचा फोटो काळा-पांढराच आहे. मोजकी माणसं वर्तमानपत्रात डोकं घालून स्थिर आहेत आणि त्यांच्या भोवतीने अख्खी मुंबई धुरासारखी वाहतेय. एकटेपण दाखवायचंच असेल तर हे बघा. गर्दी पुसून नव्हे, गर्दी मोजून दाखवलंय. दुसरे रघुबीर सिंग. त्यांनी आयुष्यभर हट्टाने रंगीत फोटो काढले आणि रंगाची अडचण पाश्चात्त्यांना पडते, आपल्याला ती नाही, असं ते मांडत. आमच्या हिच्या छत्रीकडे बघून मला ते पटतं.

तरी मी कधी कधी विचार करतो की, माझं चुकतंय का? फोटोत थोडी मोकळी जागा असावीच. आमच्या घरी आईवडिलांच्या लग्नातला एक ग्रूप फोटो आहे, १९७४ चा. त्यात सदतीस माणसं आहेत आणि मोकळी जागा म्हणून बोट शिरवायला नाही. त्या काळच्या फोटोग्राफरची सारी विद्या माणसं आत घेण्यात खर्च व्हायची. डोक्यावर काळं फडकं घेऊन तो ओरडायचा, "कडेचे काका, आत सरका! बाळाला वर धरा!" एवढं करूनही आमच्या एका मामांचा अर्धा कान कडेला कापला गेला, तर मामांनी अकरा वर्षं आमच्याकडे चहा घेतला नाही. माणसाला फोटोबाहेर ठेवणं हा तेव्हा अपमान होता. आता ती शैली आहे.

२०१६ साली स्टीव्ह मॅकरी या नामांकित फोटोग्राफरच्या बाबतीत असंच उघडकीला आलं. इटलीत लावलेल्या एका प्रिंटमध्ये कॉम्प्युटरची चुकलेली कारागिरी कुणाला तरी दिसली. मग लोक त्यांचे जुने फोटो तपासत बसले, तर काहींतून माणसंच नाहीशी केलेली सापडली. आपण दृश्यकथाकार आहोत, असं त्यांनी सांगितलं. कथाकार असायला माझी हरकत नाही. पण कथेतून माणूस काढायचा तर तो आधी लिहिलेला असावा; रस्त्यावरचा आयता उचललेला नसावा.

आता किल्लीवाला.

रिकामा रस्ता मीही पाहिलेला आहे. २०२० च्या मार्चअखेर सगळं बंद झालं तेव्हा बँका चालू होत्या. माझी शाखा तेव्हा घरापासून चालत पंचवीस मिनिटांवर होती. गळ्यात ओळखपत्र, तोंडाला फडकं, आणि मी त्याच भिंतीवरून रोज जायचो. लेन्ससाहेबांना जसा हवा तस्सा रस्ता! लांबच लांब ऊन, एक माणूस, एक सावली. तिसरंच काय, पहिलं पारितोषिक मिळालं असतं. आणि मी तुम्हाला सांगतो, त्या रस्त्यात काही म्हणजे काही सुंदर नव्हतं. कारण तो मला रिकामा दिसतच नव्हता. प्रत्येक रिकामी जागा कुणाची, हे मला पाठ होतं. इथे चहाची गाडी. इथे लिंबू-मिरचीवाली. या दगडावर चांभाराची पेटी. आणि या भिंतीशी, इंग्रजीच्या जाहिरातीखाली, किल्लीवाला. शाखेपुढे मात्र खडूने काढलेली वर्तुळं, आणि प्रत्येक वर्तुळात जनधन खात्यात आलेले पाचशे रुपये काढायला आलेली एक बाई. उन्हात एकेकटी उभी. वरून फोटो काढला असता तर फार छान रचना दिसली असती. मी आतून त्यांची नावं पुकारत होतो.

किल्लीवाला कुठे गेला हे कुणाला ठाऊक नव्हतं. दसऱ्याला तो परत आला. सकाळी वळणावरून पाहिलं तर भिंतीशी त्याची पेटी, वर तारेला लटकलेल्या शे-दोनशे किल्ल्या आणि पत्र्याचा बोर्ड. मला कुलूप दुरुस्त करायचं नव्हतं. तरी मी घराच्या किल्लीची एक जादा किल्ली करून घेतली. ती अजून लागत नाही. पण तो तिथे आहे, एवढ्यासाठी ते साठ रुपये मला महाग वाटले नाहीत.

आणि मे महिन्यातल्या त्या दुपारी तो भिंतीशीच बसला होता. मला हाक मारून त्याने कांद्याचा भावही विचारला होता. त्याला लेन्ससाहेबांनी पुसून काढला. मी विचारलं, का? ते म्हणाले, "अहो, तो पसारा होता हो. नजर तिकडे जात होती."

नजर तिकडे जात होती! जाऊ दे की! साथीने त्याला सात महिने पुसला, तरी परत येऊन बसला गडी, आणि तुम्ही त्याला अर्ध्या मिनिटात माउसने पुसता?

लेन्ससाहेब यावर बराच वेळ दुधीची भाजी चिवडत राहिले. माणूस वाईट नाही. चार दिवसांनी त्यांनी 'एकटा'ची एक मोठी प्रिंट फ्रेम करून मला भेट दिली. पैसेही घेतले नाहीत. प्रदर्शनात तिच्याखाली अठरा हजारांची चिठ्ठी होती.

फ्रेम स्कूटरवर घरी नेताना मी भिंतीपाशी थांबलो आणि किल्लीवाल्याला ती दाखवली. सगळा प्रकार सांगितला. तो तुझ्यावर अन्याय आहे असंही म्हणालो. त्याने पाना खाली ठेवून भिंतीचा तो पांढरा भाग नीट निरखला.

"बोर्डावरचा मोबाइल नंबर पण गेला का, साहेब?"

"तोही गेला."

"तो तरी ठेवायचा होता," तो म्हणाला. "ठाण्याची गिऱ्हाइकं आली असती."

घरी हिने फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली. कमरेवर हात ठेवून दहा मिनिटं बघितली. मग कपाट उघडलं, के.वाय.सी.साठी काढलेल्या पासपोर्ट फोटोंचं पाकीट काढलं, फ्रेमची मागची पट्टी सुरीने उचकटली आणि स्वतःचा एक रंगीत फोटो, निळ्या पडद्यापुढचा, माझ्या बरोबर चार पावलं पुढे डिंकाने चिकटवला. भिंतीच्या मधोमध, जिथे किल्लीवाला होता तिथे, तिने मुलाच्या स्केचपेनने एक पेटी काढली, वर लटकणाऱ्या किल्ल्या काढल्या आणि मला हाक मारली.

"अहो, त्याचा नंबर काय?"

नंबर माझ्याकडे होता. जादा किल्लीची तक्रार करायला घेतलेला. तो तिने घातला. आणि मग मी खिशातलं पेन काढलं आणि सवयीने तिच्या फोटोवर, अर्धी फोटोवर आणि अर्धी भिंतीवर येईल अशी, आडवी सही केली.